चोरकप्प्यातील काळ : नित्योपयोगी वस्तूंत दडवलेल्या मौल्यवान घड्याळांच्या संग्रहाची समीक्षा

प्रस्तावना

घड्याळ ही मूलतः पाहण्याची वस्तू आहे. तबकडी, काटे आणि आकडे ही तिची सारी भाषा डोळ्यांना उद्देशून असते. असे असूनही युरोपातील कुशल कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी घड्याळ सहजासहजी दिसू नये यासाठी आपले कसब खर्ची घातले. तपकिरीची डबी, अत्तर उडवणारे पिस्तूल, पंख्याची मूठ, हातकाठीचे टोक, अंगठी, चिमुकले पुस्तक, कुलूप, सोन्याचे नाणे, आणि विसाव्या शतकात सिगारेट पेटवण्याचा लायटर, अशा नाना वस्तूंच्या पोटात त्यांनी चालते घड्याळ बसवले. आज या वस्तू संग्राहकांच्या तिजोऱ्यांत, मोजक्या संग्रहालयांत आणि लिलावांच्या गुळगुळीत कागदावरील सूचींत आढळतात. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी विक्रीच्या निमित्ताने लिहिले जाते. साहजिकच त्यात कौतुकाचा सूर फार आणि चिकित्सा थोडी असते.

मराठीत लपवणुकीच्या साधनांना नेमके शब्द आहेत. पेटीतला चोरकप्पा, बंडीतला चोरखिसा, काठीत दडवलेल्या पात्याची गुप्ती. या तिन्हींचा प्रभाव एकाच अटीवर अवलंबून असतो. समोरच्याला त्यांचा पत्ता नसावा. गुप्ती शत्रूला आधीच ठाऊक झाली की तिच्यातला अर्धा जीव जातो. वस्तूंत दडवलेल्या मौल्यवान घड्याळाचे नेमके याच्या उलट आहे. त्याचे झाकण कोणासमोर तरी उघडले गेलेच पाहिजे, आणि पाहणाऱ्याने चकित झालेच पाहिजे. ते गुपित राखण्यासाठी नव्हे, तर फोडण्यासाठी घडवलेले असते. या प्रकारच्या कलावस्तूंचे मोल ठरवताना ही गोष्ट मध्यवर्ती धरली पाहिजे, आणि संग्राहकांच्या प्रचलित पद्धतींनी नेमकी तीच दुर्लक्षिली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेचा घोळ

इंग्रजी व्यापारी परिभाषेत अशा घड्याळांना सरसकट 'फॉर्म वॉच' म्हटले जाते. फ्रेंचमध्ये त्यांच्यासाठी 'मोंत्र द फॅन्तेझी' ही संज्ञा रूढ आहे. या दोन्ही संज्ञा सोयीच्या असल्या तरी त्यांनी दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ केली आहे. घड्याळाच्या वेष्टनाला एखाद्या वस्तूचा केवळ आकार देणे ही एक गोष्ट, आणि प्रत्यक्ष वापरात असलेल्या वस्तूत घड्याळ बसवणे ही दुसरी. पेअरच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या आकाराचे मीनाकारी केलेले घड्याळ फळ म्हणून खाता येत नाही. ते फळाचे सोंग आहे. तपकिरीच्या डबीत मात्र तपकीर ठेवता येते, चिमूटभर घेता येते, पाहुण्यापुढे करता येते. पहिल्या प्रकाराला 'रूपघड्याळ' आणि दुसऱ्याला 'गर्भघड्याळ' म्हटल्यास हा भेद मराठीत तरी स्पष्ट राहील. लिलावाच्या सूचींत हे दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली येतात, आणि अनेकदा रूपघड्याळालाच, ते अधिक गोंडस दिसते म्हणून, अधिक पाने मिळतात.

'नित्योपयोगी' हा शब्दही जपून वापरावा लागतो. सोन्याची, मोत्यांनी मढवलेली तपकिरीची डबी कोणाच्या नित्य उपयोगात होती? जिनिव्हाच्या कार्यशाळेत ती घडवणाऱ्या मीनाकाराच्या तर नक्कीच नव्हती. येथे नित्योपयोग हा एका वर्गाचा नित्योपयोग आहे.

आरंभ : सुगंधाच्या गोळ्यातील यंत्र

घड्याळ आधी अस्तित्वात आले आणि नंतर कोणाला तरी ते लपवण्याची हौस सुचली, असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध पुरावा काहीसे वेगळे सांगतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथील वॉल्टर्स आर्ट म्युझियममध्ये १५३० हे साल कोरलेले एक घड्याळ आहे. सालाचा उल्लेख असलेल्या ज्ञात घड्याळांत ते सर्वांत जुने मानले जाते. जर्मन धर्मसुधारक फिलिप मेलांक्थॉन याचे नाव त्यावर कोरलेले आहे. त्याचा आकार गोल आहे, कारण त्या काळी रोगराई आणि दुर्गंधी यांपासून बचावासाठी अंगावर बाळगल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्याच्या सच्छिद्र गोळ्याचा साचाच घड्याळासाठी वापरला गेला. त्याला एकच काटा आहे. एकदा चावी दिली की ते बारा ते सोळा तास चाले आणि जवळच्या अर्ध्या तासापर्यंतची वेळ दाखवी.

याचा अर्थ असा की अंगावर बाळगण्याच्या घड्याळाला आरंभी स्वतःचे रूपच नव्हते. ते दुसऱ्या वस्तूच्या रूपात जन्माला आले आणि आज परिचित असलेले चपटे गोल स्वरूप त्याला पुढे प्राप्त झाले. सोळाव्या-सतराव्या शतकांतील पुस्तकाच्या, फुलाच्या कळीच्या, क्रूसाच्या आणि कवटीच्या आकारांतील घड्याळांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे ती विक्षिप्त अपवाद न वाटता, रूपाच्या शोधात असलेल्या एका नव्या यंत्राचे प्रयोग वाटू लागतात. मृत्यूचे स्मरण देणारी कवटी आणि सरणारी वेळ मोजणारे यंत्र यांची सांगड तर वैचारिकदृष्ट्याही चपखल होती. कवटीचा जबडा उघडल्याशिवाय तबकडी दिसत नसे. जिनिव्हाचा झाँ रुसो (१६०६–१६८४) हा अशी कवटीघड्याळे बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तत्त्वचिंतक झाँ-झाक रुसोचा तो पणजोबा.

जिनिव्हाचे नाव आले की कॅल्व्हिनची कथा सांगण्याचा प्रघात आहे. कॅल्व्हिनच्या नगरीत दागिन्यांवर बंदी आली, बेकार झालेले सोनार घड्याळांकडे वळले आणि अलंकाराची हौस त्यांनी घड्याळात लपवून पुरी केली, अशी ही कथा आहे. तिच्यात तथ्यांश आहे. १५६६ साली तेथील सोनारांना क्रूस, चषक आणि कॅथलिक पूजेची अन्य उपकरणे घडवण्यास मनाई झाली होती. परंतु धार्मिक छळामुळे फ्रान्समधून आलेल्या निर्वासित घड्याळजींनी आपली विद्या सोबत आणली होती, हे या कथेत गाळले जाते. घड्याळजींचा स्वतंत्र संघ जिनिव्हात १६०१ मध्ये स्थापन झाला. पुढे त्याच नगरीत क्रूसाच्या आकाराची घड्याळे बनू लागली, हा विरोधाभासही कथेच्या साचात बसत नाही. पूजेचे उपकरण म्हणून जे वर्ज्य, ते वेळ मोजण्याचे यंत्र म्हणून चालले, असा याचा एक अर्थ लावता येईल. मात्र अर्थ लावताना बाजारपेठ कोठे होती हेही पाहावे लागेल. जिनिव्हाचा कारागीर प्रामुख्याने परमुलखातील गिऱ्हाइकासाठी काम करीत होता.

सुवर्णकाळ आणि दूरचा गिऱ्हाईक

स्थूलमानाने १७८० ते १८३० ही पन्नास वर्षे गर्भघड्याळांची भरभराटीची मानली जातात. या बहरामागे एक तांत्रिक कारण होते. फ्रेंच घड्याळजी झाँ-आंत्वान लेपिन याने १७६० च्या दशकात यंत्राच्या रचनेत मूलगामी बदल केला. जुन्या घड्याळात दोन पूर्ण पत्र्यांच्या मध्ये चाके बसवलेली असत आणि कमानीचा जोर समान राहावा म्हणून साखळी गुंडाळलेला शंकू असे. लेपिनने वरच्या पत्र्याऐवजी सुटे पूल बसवले आणि शंकू व साखळी काढून टाकली. यंत्र बरेच पातळ झाले. पातळ यंत्राला कोठेही जागा मिळते. डबीच्या झाकणात, मुठीच्या टोकात, पंख्याच्या दांडीत घड्याळ मावू लागले ते या काटकसरीमुळे. सौंदर्याच्या इतिहासात अशा काटकसरींची नोंद क्वचितच घेतली जाते.

या काळातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे अत्तराचे पिस्तूल. मुलिनिए, बोत आणि कंपनी या जिनिव्हाच्या पेढीने अशी काही पिस्तुले घडवली. सोन्याचा देह, त्यावर पारदर्शक मीनाकारी, कडेने अर्धमोत्यांच्या रांगा आणि दस्त्यात बसवलेले छोटे घड्याळ. चाप ओढला की नळीच्या तोंडातून फूल उमलते आणि सुगंधाचा फवारा उडतो. येथे एकात एक तीन फसवणुकी आहेत. शस्त्र वाटते ते शस्त्र नसते. गोळीची अपेक्षा असते तेथे फूल निघते. आणि या दोन धक्क्यांत पाहणारा गुंतलेला असताना मालकाला हातातल्या दस्त्यावर वेळ दिसत असते. संग्राहक अशा पिस्तुलाचे वर्णन करताना मोती मोजतात, मीनाकारीचा रंग सांगतात, घड्याळाच्या यंत्राचा प्रकार नोंदवतात. हा सारा प्रसंग मात्र, जो त्या वस्तूचा खरा आशय आहे, दोन ओळींत उरकला जातो.

यांपैकी बऱ्याचशा वस्तू युरोपीय दरबारांसाठी नव्हे तर चीनच्या बाजारासाठी बनत होत्या. छिएनलुंग सम्राटाच्या (राज्यकाल १७३६–१७९५) दरबारी यांत्रिक नवलाईची मोठी हौस होती आणि सम्राटापर्यंत पोहोचण्याची इच्छा असलेले अधिकारी त्या हौसेची किंमत मोजत. कँटनच्या व्यापाऱ्यांत या मालाला 'सिंगसाँग' असे नावच पडले होते. लंडनचा जेम्स कॉक्स हा या व्यापारातील बडा पुरवठादार. त्याच्या रत्नजडित पेट्यांत कात्री, सुई, अत्तराच्या कुप्या आणि घड्याळ असा सरंजाम एकत्र नांदत असे. माल पडून राहिला तेव्हा त्याने १७७२ मध्ये लंडनमध्ये तिकीट लावून त्याचे प्रदर्शन मांडले आणि अखेर १७७५ मध्ये सोडत काढून तो निकालात काढला. जिनिव्हाची घड्याळे चीनकडे पुष्कळदा जोडीने जात, आणि जोडीतील दोन घड्याळांवरील चित्रे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असत.

ही माहिती जुनीच आहे, तथापि तिचा निष्कर्ष काढला जात नाही. दडवलेल्या घड्याळांचे एक लोकप्रिय समर्थन असे की, अभिजनांच्या बैठकीत घड्याळाकडे पाहणे असभ्य समजले जाई, विशेषतः स्त्रियांनी पाहणे. म्हणून वेळ गुपचूप कळण्याची सोय करावी लागली. विसाव्या शतकातील काही वस्तूंना हे स्पष्टीकरण लागू पडते, आणि दागिन्यांच्या पेढ्या आजही आपल्या जाहिरातींत ते आवडीने सांगतात. परंतु ज्या वस्तू जोडीने घडवल्या गेल्या, भेट म्हणून दिल्या गेल्या, पेटीत ठेवून पाहुण्यांना दाखवल्या गेल्या, त्यांच्या बाबतीत पॅरिसच्या बैठकीतील शिष्टाचार कसा कारण ठरणार? जोडीतील दोन घड्याळे एकाच वेळी चोरून पाहण्याची गरज कोणाला पडेल? येथे लपवणूक हा शिष्टाचार नसून नजराण्याचा भाग होता. नजराणा घेणाऱ्याला तो उघडण्याचे सुख द्यायचे होते.

ज्यांना वेळ नाकारली गेली

याच दशकांत इंग्लंडमध्ये वेळेच्या लपवणुकीचा दुसराच प्रकार चालू होता. ई. पी. थॉमसन या इतिहासकाराने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, काळ आणि श्रमशिस्त यांविषयीच्या प्रबंधात त्याचे पुरावे एकत्र केले आहेत. काही गिरण्यांत मालक सकाळी घड्याळ पुढे आणि सायंकाळी मागे करीत. कामगारांना खरी वेळ कळू नये म्हणून स्वतःजवळ घड्याळ बाळगण्याची त्यांना चोरी होती. ज्याला घड्याळाचे ज्ञान फार आहे असा कामगार धन्याच्या डोळ्यांत सलत असे.

ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहणे संग्राहकांच्या लेखनात घडत नाही. कदाचित ते अप्रिय वाटत असावे. एका हातात वेळ इतकी विपुल की ती फुलाच्या आणि सुगंधाच्या आड ठेवण्याची चैन परवडावी. दुसऱ्या हातापासून तीच वेळ हिरावून घेतलेली. वेळ दडवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो धनी, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे. थोर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये मांडलेली दिखाऊ उपभोगाची कल्पना येथे लागू करण्याचा मोह होतो, पण ती तंतोतंत बसत नाही. दिखाऊ उपभोग सर्वांसाठी दिखाऊ असतो. गर्भघड्याळ हे निवडक प्रेक्षकासाठीचे प्रदर्शन आहे. डबी कोणापुढे केवळ करायची आणि कोणापुढे उघडायची, हे मालक ठरवतो. ज्याच्यापुढे ती उघडली गेली तो आतल्या वर्तुळात आला. समाजातील अंतरे मोजण्याचे ते एक सूक्ष्म उपकरण होते, आणि वेळ मोजणे हे त्याचे दुय्यम काम होते.

विसावे शतक : कसोटीचा काळ

पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळ रूढ झाले आणि वेळ चारचौघांत उघड्यावर आली. आता दडवण्याला नवे निमित्त हवे होते. डनहिलने १९२० च्या दशकात लायटरच्या अंगात घड्याळ बसवले. व्हान क्लीफ अँड आर्पेल्सने १९३० च्या दशकात 'मिनोदिएर' ही प्रसाधनाची चपटी पेटी आणली. तिच्यात पावडर, लिपस्टिक, लायटर यांच्यासोबत घड्याळालाही घर मिळाले. त्याच पेढीचे १९३५ चे 'कादना' हे कुलपाच्या आकाराचे. त्याची तबकडी अशा कोनात बसवली आहे की हातात घालणारीलाच ती दिसावी, समोरच्याला केवळ अलंकार दिसावा. शिष्टाचाराचे जे स्पष्टीकरण अठराव्या शतकाला ओढूनताणून लावले जाते ते येथे खरोखर बसते, कारण ते वस्तूच्या भूमितीतच उतरले आहे.

या काळाशी भारताचा एक धागा जोडलेला आहे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून तबकडी उलटी फिरवून आत दडवता येईल असे 'रिव्हर्सो' हे घड्याळ निघाले. त्याच्या पेटंटसाठी १९३१ मध्ये पॅरिस येथे अर्ज झाला. येथे दडवणूक निव्वळ संरक्षणासाठी होती. तरीही उलट्या बाजूच्या कोऱ्या धातूवर लवकरच नावे, राजचिन्हे आणि व्यक्तिचित्रे मीनाकारीत उमटू लागली. रिकामी पाठ समोर आली की ती सजवल्यावाचून राहवत नाही, ही माणसाची खोड असावी.

परंतु या साऱ्या काळातील सर्वोत्तम गर्भघड्याळ कोणते, असा प्रश्न केल्यास उत्तर रत्नजडित वस्तूंत सापडणार नाही. मोव्हाडो कंपनीने १९२६ मध्ये 'एर्मेतो' नावाचे घड्याळ बाजारात आणले. ते दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या आवरणात बंद असते, बटव्यात किंवा खिशात राहते, आणि आवरणाची दोन अंगे ओढली की मधोमध तबकडी दिसते. पुढे त्यात दात्यांची एक पट्टी बसवून अशी योजना केली गेली की आवरण उघडताना आणि मिटताना घड्याळाला आपोआप चावी मिळावी. याचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. येथे उघडणे ही केवळ नाट्यमय क्रिया उरलेली नाही; ती यंत्राचे इंधन झाली आहे. मालकाला वेळेची आठवण होते तेवढे घड्याळ चालते. तो विसरला तर तेही थांबते. दडवणूक आणि कार्य यांचा असा एकजीव मेळ सोन्याच्या पिस्तुलालाही साधलेला नाही.

यावरून एक निकष हाती लागतो. बाहेरची वस्तू आणि आतले घड्याळ यांच्यात क्रियेचा संबंध असेल तर ती कलाकृती. केवळ जागेचा संबंध असेल तर ते वेष्टन. तपकिरीची डबी या कसोटीला उतरते, कारण तपकीर पुढे करणे ही मुळातच संभाषणात विराम घेण्याची क्रिया आहे आणि त्या विरामात वेळ पाहणे स्वाभाविक ठरते. लायटर उतरतो, सिगारेट हेही वेळेचेच एक माप आहे. नाण्यातले घड्याळ मात्र उतरत नाही. सोन्याचे वीस डॉलरचे नाणे उभे चिरून, पोखरून, बिजागरी लावून त्यात अतिपातळ यंत्र बसवतात. कडेवरची गुप्त कळ दाबली की ते डबीसारखे उघडते. कारागिरी अचूक असते यात शंका नाही. पण नाणे चलन म्हणून मेलेले असते, आणि मुद्राशास्त्राच्या दृष्टीनेही ते एक पोखरलेले प्रेतच होय. त्या नाण्याने काही विकत घेता येत नाही, ते देताघेताना वेळही दिसत नाही. वस्तूचा बळी देऊन केवळ तिचे कातडे वापरले आहे. बाजारात अशा नाण्यांना मागणी आहे ही बाब निराळी.

या निकषावर आक्षेप घेता येईल. शुद्ध लहरीलाही कलेत स्थान असते, आणि पंख पसरले की तबकडी दाखवणारा मीनाकारीचा भुंगा क्रियेच्या कसोटीविना देखणा आहे, असे कोणी म्हणेल. ते मान्य करावे लागेल. मात्र असा भुंगा रूपघड्याळांच्या वर्गात मोडतो, आणि त्याचे मूल्यमापन लघुशिल्प म्हणून व्हावे. त्याच्यावर गर्भघड्याळाचे निकष लावण्याचे कारण नाही आणि त्याचे गुण गर्भघड्याळांच्या खात्यावर जमा करण्याचेही नाही.

संग्रह : उघडे झाकण

ज्याँ बोद्रियार याने १९६८ मधील आपल्या वस्तुव्यवस्थेवरील ग्रंथात असे मांडले की, संग्रहात आलेली वस्तू आपले कार्य गमावते आणि केवळ मालकाशी असलेल्या नात्याने ओळखली जाते. दडवलेल्या घड्याळाच्या बाबतीत हे नुकसान दुहेरी होते. ते दोन कार्ये गमावते, आणि त्या दोहोंना जोडणारी हालचालही गमावते. संग्रहालयाच्या काचेआड अशी डबी जवळजवळ नेहमीच उघडी मांडलेली असते. लिलावाच्या सूचीतील छायाचित्रही उघड्या अवस्थेतील. प्रेक्षक गुपित आधी पाहतो आणि नंतर ते गुपित होते असे फलकावर वाचतो. शब्दकोड्याचे उत्तर आधी छापून खाली कोडे द्यावे तसा हा प्रकार होतो.

याचा परिणाम मोल ठरवण्यावरही झाला आहे. बाजारात यंत्रावरील स्वाक्षरी, मीनाकारीची अवस्था आणि पूर्वीच्या मालकाचे नाव या तीन गोष्टींना भाव मिळतो. इजिप्तचा राजा फारूक १९५२ मध्ये पदच्युत झाला आणि १९५४ मध्ये कैरोच्या कुब्बे राजवाड्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्या संग्रहात घड्याळे व यांत्रिक खेळणी विपुल होती. तेव्हापासून 'फारूक संग्रहातील' हे विशेषण हाच एक अलंकार बनला आहे. स्कॉटलंडच्या राणी मेरीचे म्हणून सांगितले जाणारे चांदीचे कवटीघड्याळ हे याहून बोधप्रद उदाहरण आहे. मेरीचा शिरच्छेद १५८७ मध्ये झाला. तिने ते आपल्या सखीला दिले, ही हृदयस्पर्शी कथा अभ्यासकांनी संशयास्पद ठरवली आहे. पण कथेच्या मोहिनीमुळे एकोणिसाव्या शतकात अशा कवट्यांच्या प्रतिकृती निघाल्या, आणि त्यांतील काही कालांतराने अस्सल म्हणून फिरू लागल्या.

गर्भघड्याळांत लबाडीला विशेष वाव असतो, कारण येथे अस्सल डबी आणि अस्सल घड्याळ यांच्या संयोगातूनही बनावट वस्तू तयार होते. अठराव्या शतकातील रिकामी डबी आणि त्याच सुमाराचे बेवारस यंत्र एकत्र आणले की प्रत्येक भाग खरा आणि एकूण वस्तू खोटी. व्यापारात याला 'लग्न' म्हणतात. ते ओळखण्याच्या खुणा नाजूक असतात. चावीचे छिद्र यंत्राच्या दांड्याशी किंचित तिरके असते. तबकडीचा व्यास आणि तिच्यासाठी कापलेली जागा यांतील फट झाकायला एक जादा कडे बसवलेले असते. बिजागरीजवळ बुजवलेली भोके दिसतात. डाग दिलेल्या ठिकाणी मीनाकारीचा रंग भाजून फिका पडलेला असतो, कारण मीनाकारी पूर्ण झाल्यावर तिच्याजवळ उष्णता नेणे धोक्याचे. यांतील एकही खूण समोरून घेतलेल्या सुंदर छायाचित्रात दिसत नाही. वस्तू बंद कशी होते, मिटताना झाकण कोठे टेकते, हे पाहणारा अभ्यासकच ती ओळखू शकतो. बंद अवस्थेचा अभ्यास हा म्हणूनच रसिकतेचा नव्हे, तर सत्यशोधनाचाही प्रश्न आहे.

त्यातच या वस्तू लहान, मौल्यवान आणि सहज खिशात जाणाऱ्या. जेरुसलेमच्या एल. ए. मायर इस्लामी कला संग्रहालयातून एप्रिल १९८३ मध्ये एका रात्रीत १०६ घड्याळे चोरीला गेली. त्यांत ब्रेगेचे मारी आंत्वानेतसाठीचे सुप्रसिद्ध घड्याळही होते. चोर २००४ मध्ये मरण पावला आणि २००६ पासून पुढे त्यांपैकी ९६ घड्याळे टप्प्याटप्प्याने परत मिळाली. मधली दोन दशके ती तिजोऱ्यांत पडून होती, कारण ती इतकी प्रसिद्ध होती की विकता येत नव्हती. जिनिव्हाचे घड्याळे व मीनाकारीचे नगर संग्रहालय २००२ मधील दरोड्यानंतर बंद झाले. त्याच नगरीत एका वर्षापूर्वी, २००१ मध्ये, पाटेक फिलिप या उत्पादक कंपनीचे स्वतःचे संग्रहालय उघडले होते. जिनिव्हाच्या मीनाकारीचा आणि गर्भघड्याळांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आता मुख्यतः तेथेच जावे लागते. ते संग्रहालय उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु घड्याळे विकणारी संस्थाच घड्याळांच्या इतिहासाची प्रमुख राखणदार असावी, ही स्थिती विद्याव्यवहाराच्या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला तुलनेसाठी दूर जावे लागत नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी पुण्यात उभा केलेला, २०,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह अडकित्ते, दिवे, कंगवे, दौती अशा घरगुती वस्तूंचा आहे. केळकर स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, हा एक गमतीचा योगायोग. त्या अडकित्त्यांपैकी काही मोराच्या, काही घोड्याच्या, काही मिथुनाच्या रूपातले आहेत. पण त्या रूपातही ते सुपारी कातरतात. रूप आणि काम यांच्यात तेथे लपंडाव नाही. प्रेक्षकाला तो अडकित्ता कसा धरायचा हे पाहताक्षणी कळते, कारण त्याच्या हाताला ती हालचाल ठाऊक आहे. अत्तराच्या पिस्तुलासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाच्या हाताला अशी कोणतीही स्मृती नसते. तेव्हा ती हालचाल दाखवण्याची जबाबदारी संग्रहालयाची ठरते. चालत्या वस्तूचे चित्रण शेजारी लावणे, किंवा एकाच प्रकारच्या दोन वस्तू असतील तर एक मिटलेली व एक उघडी मांडणे, यासाठी फार खर्चही येत नाही. सूचीत वस्तू उघडण्याचा क्रम, तिला लागणारे हात, उघडताना होणारा आवाज आणि डोळ्यांना दिसण्याचा कोन यांची नोंद होऊ लागली, तरी पुढच्या अभ्यासकाचे पुष्कळ काम हलके होईल.

एर्मेतोच्या बाबतीत तर ही अडचण शब्दशः यांत्रिक आहे. तबकडी दिसावी म्हणून त्याचे आवरण उघडून काचेआड ठेवले जाते, आणि उघडमीट बंद झाल्यामुळे त्याला चावी मिळत नाही. मांडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते थांबलेले असते.